सावलीचा गृहपाठ

दहावी ब. प्रकरण अकरा, उदाहरण चौथे:
दुपारी बारा वाजता शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली मोजा
व स्तंभाची उंची काढा.

पुस्तक ओस्लोत छापलेलं.
इथे, बॅरेंट्स समुद्राच्या काठावर,
सूर्य नोव्हेंबरात गेला तो गेलाच.
बाराच्या सुमारास दक्षिणेला थोडं निळसर उजाडतं,
शाईची दौत विसळलेल्या पाण्यासारखं,
आणि एक वाजला की संपतं.

खरं सांगायचं तर मी उदाहरण वाचलंच नव्हतं.
घंटा झाली होती, खडू संपत आला होता,
फळ्यावर लिहून टाकलं: चार ते सात. उद्या. रीत दाखवा.

आता वह्या तपासतेय.
हीटरवर कुणाचे तरी हातमोजे विसरलेत,
शिक्षकखोलीभर ओल्या लोकरीचा वास.

इंग्विल्डने लिहिलंय, सावली उपलब्ध नाही.
खाली पट्टीने दोन रेघा, उत्तराला मारतात तशा.
अक्षर इतकं नेटकं
की लाल पेन तसंच हातात राहिलं.

ट्रूल्सचं उत्तर बारा मीटर.
आकृती नाही, सूत्र नाही, पानावर फक्त तेलाचा डाग.
सकाळी विचारलं तर म्हणाला,
आजोबांनी बसवलाय तो खांब.
दोरी चोवीस मीटर लागली होती,
वर जाऊन परत यावी लागते ना.
मी अर्धा गुण दिला.
मग खोडून पूर्ण दिला.

बिएराने पुनवेची वाट पाहिली.
डिसेंबरातला पूर्ण चंद्र इथे मावळतच नाही,
गावाभोवती नुसता फिरत राहतो.
रात्री दहाला, उणे अठरात, तो एकटा पटांगणात:
स्कीची काठी एक पॉइंट चार मीटर,
काठीची सावली साडेसहा बूट,
खांबाची साडेपंचावन्न.
अंशात बूट, छेदात बूट, दोन्ही काटले.
अकरा पॉइंट नऊ पाच.
समासात बारीक अक्षरात:
शेवटचे चार बूट अंदाजे, कुत्रा मध्ये आला.

आणि सगळ्यात खाली थारणीची वही.
तिनं काहीच मोजलेलं नाही.
सूर्य क्षितिजावर टेकला तर कोन शून्य, टॅन शून्य,
सावलीला अंत नाही, इथवर ठीक.
पण आपला सूर्य त्याच्याही खाली आहे.
कोन उणे. म्हणजे सावलीही उणे.
टोरुन, उणे सावली कुठे पडते?

(इथे मुलं शिक्षकांना नावानंच हाक मारतात.
तीस वर्षं झाली, अशा प्रश्नाच्या वेळी
मला अजून मागे वळून बघावंसं वाटतं,
टोरुन नावाचं दुसरं कुणी उभं आहे का.)

वर्गात बोलू, असं लिहिलं. खोडता येईना, पेन शाईचं.
मग पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिलं:
आज बाराला सूर्य उणे साडेतीन अंश,
खांब बारा मीटर, ट्रूल्सच्या आजोबांच्या हिशेबानं,
सावली उणे एकशे शहाण्णव.
उणे, म्हणजे सूर्याकडे तोंड करून.

कोट चढवला.
खांबाला पाठ टेकली, दोरी वाऱ्यानं ठकठक वाजत होती,
आणि दक्षिणेकडे पावलं मोजत निघाले.
सायकलींचं शेड ओलांडलं. बर्फाचा ढीग,
त्याला वळसा, त्याची चार पावलं वजा.
एकशे ऐंशीला मासळीचा वास.
एकशे शहाण्णवला मासळी कारखान्याचं मागचं दार,
पाळी सुटत होती, पांढऱ्या टोप्या, वाफ,
तमिळ, रशियन, आमची नॉर्वेजियन, सगळं एकदम.

थारणीची आई मला बघून थबकली.
हातातला डबा तिनं छातीशी धरला.
मुलीचं काही चुकलं का?

नाही, मी म्हटलं.
इथपर्यंत येते का
ते बघत होते.